सिक्रीवरून भांडणारी

हेमा,

काल तुझे दिवस झाले. बडोद्याला तुझ्या निखिलच्या सोसायटीच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता. मोगऱ्याचा हार, समई, सगळं रीतसर. बडोद्याची माणसं एकेक करून उठली आणि तुझ्याबद्दल चांगलं बोलली. नवरा लवकर गेला तरी मुलाला कसं शिकवलंस, शाळेत किती वर्षं नेटाने काम केलंस, सून आणलीस आणि तिच्याशी आईसारखी वागलीस. शेवटी एक गृहस्थ म्हणाले, "हेमाबेन खूप शांत स्वभावाच्या होत्या." मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं मला रडू कोसळलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. कशी सांगू त्यांना, की मला हसू आवरत नव्हतं?

फत्तेपूर सिक्रीचं नाव मात्र कुणी काढलं नाही. कसं काढणार? ते तुझं-माझं होतं. म्हणून आज घरी आल्यावर लिहायला बसले आहे.

तुला आठवतं ना, सुरुवात कशी झाली ती? तलासरीच्या शाळेत मी नवीन होते. रानशेतहून एसटीने यायची, पायात स्लीपर, पिशवीत नाचणीची भाकरी. तू डहाणूहून यायचीस, समुद्राकडच्या वस्तीतून. तुझे वडील होडीवर, आई मसोलीच्या बाजारात मासे विकायची. तुझा आवाज तिच्यावरच गेला होता. तू वर्गात इतिहास शिकवायला लागलीस की शेजारच्या वर्गातली माझी मुलं फळ्याकडे बघेनाशी व्हायची. एकदा पाण्याचा धडा शिकवताना मी उदाहरण दिलं, की पाणी नसेल तर राजासुद्धा टिकत नाही, अकबराने केवढी मोठी राजधानी बांधली आणि पाणी आटलं म्हणून थोड्याच वर्षांत सोडून दिली. पोरांनी ते मधल्या सुट्टीत जाऊन तुला सांगितलं. तू शिक्षकांच्या खोलीत आलीस, दारातच उभी राहिलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "काय हो भूगोलच्या बाई, माझ्या राजाला तहानेने मारलंत म्हणे?"

तोवर आपण एकमेकींशी धड बोललोही नव्हतो. मी घाबरून म्हटलं, "पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तकात पुष्कळ काही असतं. ज्या गावात जिकडे बघावं तिकडे हमामखाने, तिथं पाणी नव्हतं?"

"हमामखाने एवढे होते म्हणूनच संपलं असेल," मी म्हटलं.

तू डोळे बारीक केलेस. मग माझ्यासमोरची खुर्ची ओढलीस, डबा उघडलास आणि सुक्या बोंबलाची चटणी माझ्या भाकरीवर वाढलीस. "खा. आणि मग सांग, डोंगरावरच्या माणसाला पाण्याशिवाय दुसरं काही दिसतं का?"

खरंच होतं ते. आमच्या रानशेतला उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा. आई आणि मी हंडे घेऊन ओहोळात झरा उकरायला जायचो. मला कुठल्याही गावाचं नाव ऐकलं की पहिला प्रश्न पडायचा, तिथल्या बायका पाणी कुठून आणतात? आणि तुला पडायचा, तिथला माणूस कुठे निघाला आणि का? तुझ्या घरची माणसं होडी घेऊन निघायची, वाट बघणं तुझ्या हाडात होतं. आपण अकबराच्या नावाने आपापल्या घरच्या गोष्टी भांडत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

तुझी बाजू पक्की होती. तू म्हणायचीस, राजा सिक्रीला आला तो माणसासाठी. शेख सलीम चिश्तींनी आशीर्वाद दिला, मुलगा झाला, म्हणून त्यांच्या टेकडीवर त्याने शहर उभं केलं. गेला तोही माणसासाठी. काबूलला भाऊ वारला, सरहद्द डळमळली, राजाला पंजाबात जाऊन बसावं लागलं. राजधानी म्हणजे राजा बसेल ती जागा. यात पाण्याचा काय संबंध? मी विचारायची, बरं, मग लाहोरहून परत आल्यावर तो आग्र्याला का राहिला? सिक्री तर तयार होती, झाडलोट केली की झालं. का नाही गेला? तिथे तू थोडी अडखळायचीस आणि मग म्हणायचीस, "तुझा तास सुरू झाला, जा."

वर्षानुवर्षं हे चाललं. शाळेतल्या मुलांना माहीत असायचं, की भूगोलाच्या पेपरात पाणी लिहायचं आणि इतिहासाच्या पेपरात सरहद्द.

आणि तो चौपटाचा दिवस! सिक्रीच्या महालात अंगणाच्या फरशीवर चौपट, म्हणजे सारीपाट, आखलेला आहे आणि राजा म्हणे माणसांनाच सोंगट्या करून खेळायचा, असं तू वर्गात सांगितलंस. लगेच जोडून दिलंस, "असं लोक सांगतात. खरंखोटं त्या फरशीला माहीत." पोरांनी हट्ट धरला. तू चुन्याने मैदानावर भला मोठा चौपट आखलास, कुणाच्या डोक्याला लाल रिबीन, कुणाच्या हिरवी, आणि मासळीबाजारातल्या आवाजात कवड्यांचं दान पुकारायला लागलीस. मेलेली सोंगटी हसत हसत बाहेर जायची. हेडमास्तर धावत आले. "बाई, हा इतिहासाचा तास आहे की खेळाचा?"

"सर, राजाची जागा रिकामी आहे," तू म्हणालीस. "बसता का?"

शिपायाने खुर्ची आणली. हेडमास्तर बसले. थोड्या वेळाने तेच ओरडत होते, "अरे हिरव्या, पुढे सरक ना!"

पण गंमत अशी, की एवढं सगळं तू न बघता शिकवत होतीस. आग्र्याच्या आसपासही कधी गेली नव्हतीस. निखिलचं शिक्षण, आईचं आजारपण, मग निखिलचं लग्न. तुझ्या सुनेच्या, भावनाच्या, माहेरच्यांना तू मांडवातच सांगितलंस, "सिक्रीचा बुलंद दरवाजा आहे ने, तो तुमचा गुजरात जिंकला म्हणून बांधलाय. आता आम्ही न लढताच तुमची मुलगी नेतोय." व्याही आधी गोंधळले आणि मग एवढे हसले, की भटजींनी मंत्र थांबवले.

आपण दोघी निवृत्त झालो त्या थंडीत मी तिकिटंच काढून आणली. तू म्हणालीस, "आता कशाला? चित्रात बघितलंय." मी म्हटलं, "चित्रात तळं दिसत नाही. मला तुला तळं दाखवायचंय." तेवढं तुला पुरलं. भांडण हरायची तुझी तयारी कधीच नसायची.

सिक्रीला पोचलो तेव्हा धुकं होतं. बुलंद दरवाजा आधी दिसलाच नाही. आपण पायऱ्या चढत होतो आणि समोर नुसतं पांढरं. मग ते पातळ झालं आणि त्यातून तो लाल दगड वर, आणखी वर, मान दुखेपर्यंत वर गेला. मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील, पोरांना सांगायचीस तसं. तू चपला काढून हातात घेतल्यास आणि थंडगार पायरीवर उभी राहिलीस. दगडावर तळहात ठेवलास. कितीतरी वेळ. मग म्हणालीस, "सुमन, मी पोरांना हा लाल आहे म्हणून सांगायची. हा नुसता लाल नाही गं. आपल्याकडच्या पिकल्या चिकूच्या आत असतो ना, तसा रंगही आहे ह्यात."

आत संगमरवरी दर्ग्याशी तू जाळीला दोरा बांधलास. काय मागितलंस ते विचारलं तर म्हणालीस, "तुझ्या डोक्यात अक्कल."

आपण वाटाड्या घेतला होता. भला माणूस, पण त्याच्याकडे प्रत्येक दगडाची गोष्ट होती. जनान्याच्या बाजूला एका कोरीव घराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ये बीरबल का घर." तू थांबलीस. "भैया, राजाच्या बायका जिथे राहायच्या, तिथे बीरबल को घर कैसे देगा? सोचो ना जरा." तो म्हणाला, "मैडम, सब आपको पता है तो मुझे क्यों लिया?" तू म्हणालीस, "सोबतीला!" त्याला मराठी कळलं नाही, पण तुझा चेहरा कळला. पुढे तोच तुला विचारायला लागला, "इसके बारे में आप क्या बोलती हैं, मैडम?"

दिवाण-ए-खासमध्ये मात्र तू त्यालाही बोलू दिलं नाहीस. बाहेरून दोन मजली दिसणारी ती इमारत आत गेल्यावर एकच उंच दालन निघते. तू म्हणालीस, "अगदी माझ्या सासूसारखी. बाहेरून केवढा तोरा आणि आत एकच खोली, तीही मोकळी." मधोमध तो खांब. खाली चौकोनी, वर जाता जाता पैलू वाढत गेलेले, आणि माथ्याशी वरचं वजन पेलणाऱ्या नागमोडी तोड्यांचा एवढा मोठा घोस, की खांबाला फुलोरा आल्यासारखा वाटावा. त्यावर राजाची बसायची जागा आणि तिथून चार कोपऱ्यांना गेलेल्या चार वाटा. तू खाली उभी राहून त्या तोड्यांकडे बघत होतीस.

"हे दगडाचं काम नाही," तू म्हणालीस.

"मग कसलं?"

"सुताराचं. हे बघ, तुळया, तोडे, छज्जे, सगळं लाकडात करतात तसं कापून बसवलंय. लाकडात ज्यांचा हात बसला होता, त्यांना दगड दिला असणार. आणि यातले कितीतरी कारागीर गुजरातचे असतील, बघ. असले तोडे तिकडच्या जुन्या घरांना दिसतात." मग हळूच म्हणालीस, "बाबा होडीला फळी बसवायचे तेव्हा असेच बोटाने सांधा चाचपायचे." तुझे वडील गेल्यानंतर तू त्यांच्याविषयी बोललेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. तू डोळे पुसलेस आणि मी छताकडे बघत राहिले. आपल्यात तेवढी समज होती.

पंचमहालाचे मजले वर वर लहान होत गेलेले, खांबांच्या राईतून वारा वाहणारा. अनुप तलावात हिरवं पाणी. मी त्याच्या काठाशी बसून घेतलं आणि म्हटलं, "पाणी कुठून चढवायचे ते दाखवा." वाटाड्याने खाली हत्तीपोळ नावाच्या दरवाज्याकडे नेलं. तिथे बारव, रहाटांच्या जागा, टेकडीवर पाणी टप्प्याटप्प्याने नेणारे पाट. मी पोरीसारखी धावत होते. ज्या टेकडीवर शहर, त्याच टेकडीचा दगड फोडून ते बांधलेलं. दगड मुबलक, पाण्याचा थेंब नाही. प्रत्येक हंडा खालून वर. मी तुला म्हटलं, "बघ, माझी आई रोज हेच करायची."

मग आपण हिरण मिनाराशी गेलो. हत्तीच्या सुळ्यांसारखे दगड अंगभर टोचलेला तो मिनार, आणि त्याच्यापुढे जिथे एके काळी तळं होतं तिथे लांबच लांब मोहरीची शेतं, फुलून पिवळीधमक. मी विजयी स्वरात म्हटलं, "हे घे तुझं तळं."

तू बराच वेळ शेतांकडे बघत होतीस. मला वाटलं, आता मान्य करणार. तू म्हणालीस, "तळ्याचा बांध फुटला तेव्हा राजा इथेच होता. त्यानंतरही काही वर्षं राहिला. तहान लागलेला माणूस काही वर्षं थांबून मग उठतो का, सुमन?"

मी म्हटलं, "थंडी वाजतेय. चल खाली."

खाली गावात नानखताई विकणाऱ्यांच्या हातगाड्या होत्या. एका घराच्या ओट्यावर बसून आपण ती खाल्ली. घरातल्या बाईने न मागता पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "थोड़ा खारा है यहाँ का." तू गटागटा प्यायलीस आणि म्हणालीस, "हमारे कुएँ का भी ऐसाच लगता है. हम समंदर के किनारे के." ती तिथेच टेकली. समुद्र कसा असतो, रात्रीही आवाज करतो का, मासे तडफडतात तेव्हा वाईट वाटत नाही का, असं काय काय विचारत राहिली. छपरांवर कपडे वाळत होते. शाळा सुटली होती. कुणाच्या तरी लग्नाचा बँड तटाखालून वाजत चालला होता. तू एकदम माझा हात धरलास.

"आपण दोघींनी पोरांना चुकीचं शिकवलं गं. 'ओस पडलेली राजधानी' म्हणे! महाल ओस पडला. गाव कुठे गेलंय?"

त्या एका गोष्टीवर आपलं एकमत झालं. आयुष्यात बहुधा तेवढंच.

आणि दोन पावसाळ्यांनी तू डहाणू सोडलंस. याचा राग मी तुझ्यावर अजून धरून आहे, ते आज सांगून टाकते. निखिलने बोलावलं, तुझे गुडघे, तुझं हृदय, डॉक्टर तिकडे बरे, सगळं मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "इथं काय कमी आहे तुला? वस्ती आहे, बाजार आहे, मी आहे." तू भांडी पोत्यात भरत होतीस. म्हणालीस, "इथं माझी काळजी घेणारे पुष्कळ आहेत. तिथं मी कुणाच्या तरी उपयोगाची आहे. नात लहान आहे, भावना नोकरीला जाते. सुमन, माणूस जिथं लागतो तिथं जातो. मी तुला आयुष्यभर हेच सांगत आले ना?" मी पोत्याचं तोंड शिवायला सुतळी धरली.

तू गेल्यावर मी मसोलीच्या बाजारातून जाताना मान खाली घालून जायची. तुझ्या आईच्या जागेवर आता दुसरी बसते, तीही चांगली आहे, पण कुणीतरी मोठ्याने भाव केला की मी वळून बघायची. तू फोन करायचीस. म्हणायचीस, नातीला रोज सिक्रीची गोष्ट सांगते, त्यात एक पाणीवाली मावशी असते आणि ती राजाच्या मागे हंडा घेऊन धावते. मी रागावायची आणि फोन ठेवल्यावर दिवसभर हसायची.

मग निखिलचा फोन आला आणि मी तलासरीच्या हायवेवरून बडोद्याची बस पकडली. दुपारची वेळ होती. तू हॉस्पिटलच्या खाटेवर उशाला टेकून बसली होतीस, एवढीशी झालेली. नाकात नळी. भावना बाहेर औषधं आणायला गेली होती. तुला आवडेल असं वाटलं, तेच मी बोलले. मी म्हटलं, "हेमा, मी पुष्कळ विचार केला. तुझंच खरं. राजा सरहद्दीसाठीच गेला. पाण्याचं कारण लोकांनी मागून जोडलं."

तू माझ्याकडे बघितलंस. तो चेहरा मला आयुष्यभर पुरेल. तू नळी सारखी केलीस आणि म्हणालीस, "मी मरतेय म्हणून हरतेस?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. अशी कधी हरली होतीस का? मला फसवू नकोस, सुमन. इथे सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. निखिल हळू, डॉक्टर हळू, भावना तर कुजबुजते. तू तरी नीट भांड."

तू वाट बघत होतीस. मग मी पदर खोचला आणि म्हटलं, "ठीक आहे. मग सांग, परत आल्यावर आग्र्याला का बसला? आजपर्यंत उत्तर दिलेलं नाहीस. यमुना होती म्हणून! बारमाही नदी! डोंगरावर हंडे चढवून चढवून कंटाळला तुझा राजा!"

"कंटाळला असता तर दरवाजा एवढा उंच बांधला असता का?" तुझा आवाज फुटला, पण तोच होता, बाजारातला. "आणि नंतर त्याचा मुलगा आग्र्यात साथ आली तेव्हा सिक्रीलाच येऊन राहिला ना? तो काय तीर्थ पिऊन राहिला?"

"तो थोडे दिवस राहिला! पाहुण्याला हंडाभर पुरतं, राजधानीला नाही!"

नर्स आत आली. "मावशी, हळू." तू तिला हाताने थांबवलंस. तुला धाप लागली होती आणि तू हसत होतीस. श्वास जागेवर आल्यावर विचारलंस, "रानशेतच्या विहिरीला यंदा कधीपर्यंत पाणी होतं?"

"होळीपर्यंत," मी म्हटलं.

"लवकर आटली," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. बऱ्याच वेळाने, मला वाटलं झोपलीस, तेव्हा पुटपुटलीस, "तुमच्या त्या हंड्यांचं मला नेहमी वाईट वाटायचं."

पाण्याचं ते तू मान्य केलंस, की नुसतं माझ्या आईसाठी बोललीस, मला कळलं नाही. विचारायचं राहिलं. तू गेल्यावर माझे हाल होतील, हेही सांगायचं राहिलं. आणि ह्याहून साधी गोष्ट, की त्या पहिल्या दिवशी तू खुर्ची ओढून समोर बसली नसतीस, तर रानशेतची ती बुजरी पोरगी शिक्षकांच्या खोलीत कोपऱ्यातच म्हातारी झाली असती. मला भांडायला तू शिकवलंस, हेमा. पुढे पंचायतीत विहिरीचा गाळ काढण्यासाठी मी ज्या आवाजात बोलले, तो तुझा होता.

काल सगळे पांगल्यावर भावना माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मासी, मम्मी दर वर्षी म्हणायच्या, या थंडीत तुला सिक्री दाखवते. राहूनच गेलं. तुम्ही न्याल मला? ही पण येईल." तुझी नात दाराशी उभी राहून माझ्याकडे टक लावून बघत होती, गोष्टीतली पाणीवाली मावशी खरोखरची निघाली म्हणून.

मी हो म्हटलं. थंडी पडली की जाऊ. दोघींना टेकडी दाखवीन, पाट दाखवीन, मोहरीची शेतं दाखवीन. राजा का गेला, हे त्या विचारतीलच. तेव्हा त्यांना दोन्ही बाजू सांगीन, हेमा. तुझी आधी.